अक्षरांची खोली

मुंबईच्या उपनगरांत ‘खोली’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम भाडे आणि पागडी उभी राहते. आम्हांला बोलावयाचे आहे ते निराळ्या खोलीविषयी. लाकडाच्या फळीत अक्षर किती खोल उतरवावे, आणि एका फेरीत ते पुरेसे उतरले नाही तर पुढच्या फेरीत आणखी किती उतरवावे, एवढाच आमचा विषय आहे. प्रथमदर्शनी तो फारच किरकोळ वाटेल. परंतु अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने ‘भांडुप’चे ‘मांडुप’ आणि ‘अंधेरी’चे ‘अंघेरी’ होऊ शकते हे पुढे दाखवू, तेव्हा त्याचे महत्त्व आपोआप पटेल.

पाटीवरील देवनागरी अक्षर हा विषय मुंबईकरांना नवा नाही. दुकानांच्या पाट्या मराठीत लावण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईतील दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा तो वर्तमानपत्रांतून चांगलाच गाजला. पण दुकानाची पाटी बिघडली तर दुसरी करता येते. आमच्या डोळ्यांसमोर आहे ती घराची पाटी. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथील जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उठत आहेत. पाडकामात निघालेली जुन्या दाराची सागवानी फळी एखादे कुटुंब जपून ठेवते, आणि नव्या घराच्या दारावर त्याच फळीत नाव कोरून लावावे अशी घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा असते. अशी फळी एकच असते. तिच्यावर नाव चुकीचे कोरले गेले तर बाजारात जाऊन दुसरी आणता येत नाही.

हे काम आता घरच्या गॅलरीतही होऊ शकते, ते सीएनसी राउटर नावाच्या यंत्रामुळे. आकड्यांच्या आज्ञेने यंत्र चालवण्याची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे आकार अचूक कापता यावेत या गरजेतून ती निघाली, आणि १९५२ साली एमआयटी या संस्थेत छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून आज्ञा घेणारे यंत्र जगापुढे आले. त्याचा नियंत्रक निर्वात नळ्यांनी भरलेला, कपाटाएवढा मोठा होता. आज तेच काम तळहाताएवढी पाटी करते. २००९ साली नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ‘ग्रबल’ नावाची आज्ञावली लिहून सर्वांना मोफत खुली केली, आणि लहान यंत्रांचा मार्ग मोकळा झाला.

आपल्या महाराष्ट्रात या विद्येची ओळख पुष्कळ आधी झाली होती. मुंबईत हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२ साली तेथे ‘फॅब लॅब’ उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. उपनगरांपुरते पाहिले, तर मरोळ आणि साकीनाका येथील गाळ्यांतून मोठी यंत्रे चालतात, आणि हौशी माणूस लॅमिंग्टन रोडवरून मोटारी व नागदेवीच्या बाजारातून कटर आणून घरीच लहान यंत्र जुळवतो. त्यांपैकी पुष्कळांना माहीत असलेले यंत्र म्हणजे ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद मेजाचे. आमचे विवेचन त्यालाच धरून आहे.

या यंत्राला तीन दिशांनी हालचाल असते: डावीउजवीकडे, पुढेमागे आणि वरखाली. वेगाने फिरणाऱ्या मोटारीच्या तोंडाशी कटर बसवलेले असते, आणि संगणकाकडून येणाऱ्या आज्ञांप्रमाणे ते लाकडावरून फिरते. पहिल्या दोन दिशा अक्षराचा आकार ठरवतात, तिसरी दिशा त्याची खोली ठरवते. आकाराची चूक पडद्यावर आधी दिसते. खोलीची चूक मात्र लाकडातच दिसते, आणि तीही घडून गेल्यावर.

येथे पहिली शंका अशी निघेल की, जेवढी खोली हवी तेवढी पहिल्याच फेरीत का घेऊ नये? त्याचे उत्तर कटरच्या बळात आहे. कटर लाकडाला कापतो तसे लाकूडही कटरला ढकलत असते, आणि त्या रेट्याने कटर वाकतो. हे वाकणे कटरच्या बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. दहा मिलिमीटर बाहेर असलेला कटर वीस मिलिमीटर बाहेर काढला, तर त्याच रेट्याखाली तो दुप्पट नव्हे, आठपट वाकतो. जाडीचा परिणाम तर याहून तीव्र. सहा मिलिमीटरऐवजी तीन मिलिमीटर जाडीचा कटर लावला की वाकणे सोळापट होते. त्यात लहान यंत्राचा सांगाडाही लवचीक असतो. म्हणून साग कापताना सुमारे तीन मिलिमीटर जाडीच्या सपाट कटरने एका फेरीत अर्ध्या मिलिमीटरपासून सुरुवात करावी, आणि आवाज व भुसा पाहून पुढे वाढवावे. आवाज एकसारखा असेल आणि भुशात बारीक ढलप्या दिसत असतील तर काम नीट चालले आहे असे समजावे. पिठासारखी धूळ पडू लागली आणि जळका वास येऊ लागला, तर कटर कापत नसून घासत आहे. तेव्हा खोली कमी करून भागत नाही. कटर बोथट झाला आहे काय ते पाहावे, आणि नसेल तर त्याची पुढे जाण्याची चाल वाढवावी किंवा फिरण्याचा वेग कमी करावा.

फेऱ्या अनेक घ्यावयाच्या हे ठरले की प्रश्न येतो तो शून्याचा. यंत्राला फळी कोठे आहे हे ठाऊक नसते. कटरचे टोक फळीच्या पृष्ठभागाला टेकवून आपण त्याला सांगतो की हे शून्य, येथून खाली मोज. टेकले की नाही हे कळण्यासाठी मध्ये कागदाचा कपटा धरतात, आणि तो अडकू लागला की थांबतात. साध्या लिहिण्याच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. ती वजा करावयाची राहिली, तर शून्य पृष्ठभागापासून तेवढे वर राहते, आणि सगळे काम तेवढे उथळ होते.

आता समजा, आपल्याला सपाट तळाचे तीन मिलिमीटर खोल खोदकाम हवे आहे, आणि हाताशी असलेली आज्ञावली अर्धा मिलिमीटर खोलीची आहे. तीच सहा वेळा चालवावयाची, आणि प्रत्येक वेळी शून्य अर्धा मिलिमीटर खाली घ्यावयाचे. हे करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात प्रत्येक फेरीनंतर खोदलेल्या तळाला कागद लावून नवे शून्य घेतात. दिसायला हा मार्ग प्रामाणिक दिसतो. परंतु कागदाची जाडी प्रत्येक वेळी विसरली, तर प्रत्येक फेरी ०.४ मिलिमीटरच उतरते, आणि सहा फेऱ्यांअंती तीनऐवजी २.४ मिलिमीटर खोली मिळते. थेंबे थेंबे तळे साचते ते असे. शिवाय तळाशी भुसा असतो, लाकडाचे तंतू उभे राहिलेले असतात, आणि टेकण्याची जागा दर वेळी निराळी असते. दुसऱ्या मार्गात शून्य एकदाच घेतात. पुढील फेरीच्या आधी कटर त्या शून्यावर आणून यंत्राला इतकेच सांगतात की, तू ज्याला शून्य समजतोस ते आता अर्धा मिलिमीटर उंचीवर आहे असे धर. शून्य आकड्याने खाली जाते, हाताने नव्हे. कागद विसरला असला तरी चूक एकदाच होते, आणि खोली २.९ मिलिमीटर मिळते. चूक टळली नाही, पण ती वाढली नाही. शिवाय ती सर्वत्र सारखी असल्याने शेवटी एका आकड्याने दुरुस्त करता येते.

या दुसऱ्या मार्गाला मात्र एक खड्डा आहे, आणि त्यात पडले की फळी गेलीच. एका अक्षरावरून दुसऱ्याकडे जाताना यंत्र कटर वर उचलते. किती उचलावयाचे हे आज्ञावलीत लिहिलेले असते, आणि ते शून्यापासून मोजलेले असते. समजा, ही उंची दोन मिलिमीटर आहे. शून्य खाली गेले की तीही तेवढीच खाली जाते. पहिल्या चार फेऱ्या निर्विघ्न पार पडतात. पाचव्या फेरीत शून्य मूळ पृष्ठभागापासून दोन मिलिमीटर खाली असते, म्हणून कटरचे टोक कोऱ्या फळीला घासत जाते. सहाव्या फेरीत ते अर्धा मिलिमीटर आत असते, आणि दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत सरळ चर पडतो. एवढा वेळ सुरळीत चाललेले काम शेवटच्या फेरीत का बिघडले, हे कोडे पडण्याचे कारण हेच. उपाय साधा आहे. उचलण्याची उंची पहिल्यापासूनच एकूण खोलीपेक्षा दोनतीन मिलिमीटर जास्त ठेवावी, आणि फळी धरणाऱ्या पकडी तिच्या वाटेत असतील तर त्यांहूनही जास्त ठेवावी. याहून चांगली गोष्ट म्हणजे सर्व फेऱ्यांच्या खोल्या एकाच आज्ञावलीत, एकाच शून्यापासून मोजून लिहाव्यात. मग शून्य हलवण्याची गरज केवळ शेवटच्या बारीक दुरुस्तीपुरती उरते.

आता आपण अक्षरांकडे येऊ. नावाची पाटी कोरताना सहसा सपाट कटर वापरीत नाहीत. टोकाकडे निमुळता होत जाणारा कटर वापरतात, आणि त्याने पडणारा चर वर रुंद व खाली टोकदार असतो. या कटरचा कोन ९० अंश असेल, आणि टोक सुईसारखे धरले, तर चराची रुंदी खोलीच्या बरोबर दुप्पट येते. दीड मिलिमीटर खोलीला रेघ तीन मिलिमीटर जाड. येथे खोलीची चूक ही जाडीची चूक होते, आणि तीही दुपटीने. कटर ०.२ मिलिमीटर जास्त उतरला तर रेघ ०.४ मिलिमीटर जाड होते.

रोमन लिपीत हे बरेचसे खपून जाते, कारण तेथे प्रत्येक अक्षर सुटे उभे असते. देवनागरीत शिरोरेषा आहे. ती पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, आणि सर्व चुकांची साक्ष देते. फळीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा ०.३ मिलिमीटर उंच बसले असेल, तर तीच शिरोरेषा एका टोकाला दोन मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला २.६ मिलिमीटर जाड दिसेल. पाहणाऱ्याला खोलीचे ज्ञान नसले तरी रेघ फुगत गेलेली त्याला लगेच दिसते. म्हणून निदान दोन टोकांना आणि मध्यभागी कटर टेकवून पृष्ठभाग समपातळीत आहे की नाही हे पहिल्या फेरीपूर्वीच पाहावे, आणि नसेल तर खाली कागदाच्या घड्या घालून तो आणावा. पहिल्या फेरीनंतर हे करू नये, कारण मग आधीचा चर आणि नवी वाट जुळत नाहीत.

आणि आता ‘भांडुप’. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ या जोड्यांत मुख्य भेद काय? ‘म’ आणि ‘घ’ यांच्या डोक्यावरून शिरोरेषा अखंड जाते. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डाव्या बाजूला ती तुटलेली असते, आणि तेथे एक लहान मोकळी जागा असते. ही मोकळी जागा म्हणजेच ते अक्षर. समजा, आराखड्यात ती एक मिलिमीटर आहे. कटर अर्धा मिलिमीटर जास्त उतरला की दोन्ही बाजूंचे चर प्रत्येकी अर्धा मिलिमीटर आत सरकतात, आणि मोकळी जागा संपते. प्रत्यक्षात ती त्याच्याही आधी संपते, कारण मध्ये उरलेली लाकडाची पातळ भिंत तंतूंना आडवी असेल तर फुटून निघते. मग भांडुपच्या माणसाच्या दारावर ‘मांडुप’ लागते. अंधेरीकराची गतही तीच. भोसले आणि धुमाळ या घराण्यांनी तर पाटी कोरून घेताना विशेष जपावे.

यातून फेऱ्यांचा खरा नियम निघतो. खोदलेले भरून निघत नाही, म्हणून इष्ट जाडीकडे नेहमी बारीक बाजूने जावे. दीड मिलिमीटर खोली हवी असेल तर पहिली फेरी ०.८ आणि दुसरी १.२ मिलिमीटरवर घ्यावी, आणि येथे थांबून मोजावे. टोकदार चराचा तळ मोजता येत नाही, पण वरची रुंदी व्हर्नियरने मोजता येते, आणि तिची निम्मी म्हणजे खोली. १.२ मिलिमीटरला रेघ २.४ मिलिमीटर भरली पाहिजे. समजा, ती २.२ भरली. म्हणजे खोली १.१ च आहे, ०.१ मिलिमीटर कोठे तरी हरवले.

पुष्कळ जण येथे घाईने आकडा वाढवतात. तसे करू नये, कारण हरवण्याची कारणे दोन असू शकतात, आणि त्यांचे उपाय निराळे आहेत. एक तर शून्यच वर घेतले गेले असेल, किंवा लाकडाच्या रेट्याने यंत्राचा सांगाडा वर उचलला गेला असेल. यांतले कोणते खरे, हे यंत्रालाच विचारता येते. खोली मुळीच न बदलता तीच फेरी पुन्हा एकदा चालवावी. सांगाडा उचलला गेला असेल, तर या वेळी रेटा कमी असल्याने तो खाली राहील, कटर राहिलेले लाकूड काढील, भुसा पडेल आणि रुंदी वाढेल. शून्य चुकले असेल, तर कटर आधीच्याच चरातून रिकामा फिरेल आणि भुसा जवळजवळ पडणार नाही. पहिल्या प्रकारात आकड्याला हात लावू नये. शेवटी अशीच एक रिकामी फेरी घ्यावी म्हणजे झाले. दुसऱ्या प्रकारात शून्य ०.१ मिलिमीटर खाली घ्यावे. प्रथम न बदललेली फेरी, मग मोजमाप आणि त्यानंतर बदल, हा क्रम आम्हांला सर्व विषयाचे सार वाटतो. कारण न समजता आकडा वाढवला, तर सांगाडा पुढच्या हलक्या फेरीत आपोआप खाली येतो, वाढवलेला आकडाही त्यात मिळतो, आणि ‘भ’ची जागा तेवढी भरते.

नियंत्रकाच्या पडद्यावर खोली शतांशांत दिसते, म्हणून ती तितकी अचूक आहे असे मानू नये. या वर्गातील पुष्कळ यंत्रांत मोटारीच्या ८०० सूक्ष्म पावलांत कटर एक मिलिमीटर सरकतो. हिशेबाने एक पाऊल हजारांश मिलिमीटरच्या थोडे वर येते. परंतु स्क्रू आणि नट यांच्यामधली सैल जागा याच्या कितीतरी पट असू शकते. म्हणून शून्य घेताना कटर नेहमी वरून खाली आणावा. जास्त खाली गेला तर तेवढाच वर घेऊ नये; पुरता वर नेऊन पुन्हा खाली आणावा, म्हणजे सैल जागा प्रत्येक वेळी एकाच बाजूला राहते.

दोन फेऱ्यांच्या मध्ये वेळ गेला तर काय, हाही प्रश्न उपनगरांत खरा आहे. यंत्राचा आवाज शेजाऱ्यांच्या कानावर जातो, रात्र झाली की काम थांबवणे भाग पडते, आणि फळी रात्रभर मेजावर राहते. जुलैतील दमट हवेत लाकूड पाणी शोषून फुगते. २५ मिलिमीटर जाडीची फळी अर्धा टक्का फुगली तरी तिचा पृष्ठभाग ०.१२५ मिलिमीटर वर येतो, आणि रेघ पाव मिलिमीटर जाड होण्याची सोय होते. खाली एमडीएफचा तक्ता असेल तर तोही फुगतो. म्हणून पावसाळ्यात एका नावाच्या सर्व फेऱ्या एका बैठकीत संपवाव्यात. ते न जमल्यास दुसऱ्या दिवशी खोली वाढवण्यापूर्वी शून्य पृष्ठभागाच्या कोऱ्या भागावर पुन्हा तपासावे.

वीज गेली तर गोष्ट आणखी कठीण होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई आणि उपनगरांतील वीज अचानक गेली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. असा प्रसंग फेरीच्या मध्येच आला, तर नियंत्रक आपण घेतलेले शून्य लक्षात ठेवतो, पण कटर स्वतः कोठे उभा आहे हे विसरतो. ज्या यंत्राला टोकाच्या थांब्यांना जाऊन शिवण्याची सोय आहे, ते पुन्हा आपली जागा शोधते. ज्याला नाही, त्याच्यासाठी मेजावर फळीच्या बाहेर पितळेचा एक लहान तुकडा पक्का बसवावा, आणि पहिल्या फेरीपूर्वीच त्याची उंची शून्याच्या तुलनेत टिपून ठेवावी. कटर बदलला, त्याची लांबी बदलली, वीज गेली, तरी हा तुकडा कापला जात नाही. वरखालीचे शून्य त्याच्यावरून परत मिळते. आडव्या दोन दिशांसाठी फळीच्या एका कोपऱ्याजवळ, नावापासून दूर, पेन्सिलीने बारीक फुली काढून ठेवावी.

इतके झाल्यावर उरते ती सावधगिरी. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके असावे, यंत्र चालू असताना त्याला एकटे सोडू नये, आणि मोजमाप करताना मोटार पूर्ण थांबलेली असावी. त्याच सागाचा टाकाऊ तुकडा मिळाला तर त्यावर प्रथम फक्त ‘भ’ आणि ‘ध’ कोरून पाहावेत. कटरचे टोक किंचित सपाट असते, त्यामुळे रेघ हिशेबापेक्षा किती जाड येते हेही तेथेच कळते.

पाटी पुरी झाली की मागील बाजूस पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: कटरचा कोन, शेवटच्या फेरीची खोली, मोजलेली रुंदी आणि तारीख. दहा वर्षांनी पॉलिश घासून काढताना पृष्ठभाग थोडा झिजेल, रेघ बारीक होईल, आणि घरातल्या कोणाला तरी पुन्हा एक फेरी घ्यावीशी वाटेल. तेव्हा तो आमचे भाषण शोधीत बसणार नाही. फळी उलटून पाहील, आणि कोठून सुरुवात करावयाची हे त्याला कळेल.